सव्वा महिन्यानंतरची आई

लसीकरणाचा दिवस असतो. उपकेंद्राच्या ओसरीवर किंवा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या बाकावर आया आपापली बाळे घेऊन बसलेल्या असतात. नंबर आला की बाळ वजनकाट्यावर जाते. वजन, उंची, डोक्याचा घेर सगळे कार्डावर लिहिले जाते. ‘अंगावर पितंय ना?’, ‘वरचं काय काय देता?’, ‘पालथं पडतंय का?’ असे प्रश्न होतात. उत्तरे आई देते. रात्री किती वेळा उठले, शी कशी झाली, खोकला कोणत्या दिवशी सुरू झाला, सारे तिला तोंडपाठ असते. टोचून झाले की ती रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेते, दुसऱ्या हाताने थोरल्याचे मनगट धरते, पिशवी सावरते आणि निघते. या सगळ्या वेळात तिच्या स्वतःविषयी बहुधा एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो. कुणी चुकून विचारलेच, तर ती हसून म्हणते, ‘मला काय धाड भरलीय? जरा थकवा आहे, एवढंच.’

त्या ‘एवढंच’मध्ये पुष्कळदा बरेच काही दडलेले असते. आणि ते शोधून काढण्याची जबाबदारी कुणाची, हे आपण अजून ठरवलेले नाही.

बाळंतिणीची उस्तवार करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, अंगाला तेल, शेकशेगडी, वेळच्या वेळी गरम जेवण, जड उचलायचे नाही. निदान ज्या घरात परिस्थिती बरी आहे तिथे सव्वा महिना तिला जपले जाते. मग पाहुणे परततात, माहेरची माणसे आपापल्या कामाला लागतात आणि ती पुन्हा ओट्याशी उभी राहते. योगायोग असा, की सरकारी आरोग्यव्यवस्थेचे घड्याळही जवळपास तिथेच थांबते. प्रसूतीनंतर आशाताईंच्या ज्या ठरलेल्या गृहभेटी असतात, त्यांतली शेवटची ४२ व्या दिवशी होते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्या पुन्हा येतात. पण त्या भेटींचा मुख्य विषय असतो बाळाची वाढ आणि बाळाचा आहार. लसींचे वेळापत्रक तर नेमके इथूनच वेग घेते. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्ष, पाच वर्षे. म्हणजे ज्या दीड महिन्यात बाळाचे कार्ड भरू लागते, त्याच दीड महिन्यात आईचा कागद बंद होतो.

तिचे शरीर मात्र दीड महिन्यात पूर्ववत झालेले नसते. आणि कामाचा खरा डोंगर तर त्यानंतरच समोर येतो.

हा डोंगर केवढा आहे, याचा अंदाज सरकारी आकड्यांतूनच मिळतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरची बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. घरातल्या मुलाबाळांची, वृद्धांची, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांत हेच प्रमाण १३७ आणि ७५ मिनिटांचे आहे. ही सरासरी प्रत्यक्ष कामे करणाऱ्यांचीच आहे. ज्या पुरुषांनी त्या दिवशी घरात कशालाच हात लावला नाही, ते यात धरलेले नाहीत. २०१९ च्या सर्वेक्षणात घरकामाचे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. शिवाय यात सहा वर्षांवरील सगळ्या वयांच्या मुली आणि बायका आल्या. अंगावर पिणारे बाळ आणि बालवाडीतले मूल असलेल्या आईचा आकडा याहून मोठा असणार, हे सांगायला वेगळे सर्वेक्षण नको.

तरीही मिनिटे मोजून हा भार पुरता कळत नाही. लहान मुलांच्या आईचे कुठलेच काम सलग होत नाही. कणीक मळायला घ्यावी तर पाळणा हलतो, कपडे वाळत घालावेत तर न्हाणीघरातून हाक येते, पानावर बसावे तर नेमकी तेव्हाच धाकट्याला शी लागते. त्यात डोक्यातली यादी अखंड चालूच असते. उद्या शाळेत कोणत्या रंगाचा पोशाख, औषधाची दुसरी मात्रा किती वाजता, दूध संपत आले आहे का, सिलिंडर कधी लावला. या यादीला सुटी नसते आणि ती कुठल्याही सर्वेक्षणात नीट उतरत नाही. नोकरी करणारी ही यादी लोकलमध्ये आणि एसटीत घेऊन फिरते. शेतावर, बांधकामावर किंवा उसाच्या फडात जाणारी ती पाठीवरच्या झोळीबरोबर वाहते.

आता या भाराचा शरीराशी संबंध पाहू. पहिली गोष्ट झोपेची. नवजात बाळाला रात्र-दिवस कळत नाही. त्याच्या शरीराचे घड्याळ बसायला साधारण दोन-तीन महिने जातात आणि त्याचे पोट इतके छोटे असते की दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. त्यामुळे आईची झोप तुकड्यातुकड्यांची होते. ‘पण दुपारी पडते की घटकाभर’, असे त्यावर सहज म्हटले जाते. मुद्दा केवळ तासांचा नाही. प्रौढ माणसाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते. त्यात हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप क्रमाने येतात. दर वेळी आवर्तन अर्ध्यावर तुटले, तर गाढ झोपेचा वाटा बुडतो. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी विद्यार्थ्यांना एका रात्री चार वेळा उठवले आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटे जागे ठेवले. अंथरुणात त्यांना आठ तास मिळाले होते. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांचे लक्ष आणि त्यांची मनःस्थिती, जेमतेम चार तास झोपू दिलेल्यांइतकीच खालावली होती. हा परिणाम एका रात्रीचा, तोही धडधाकट तरुणांवर. आई अशा रात्री महिनोन् महिने काढते.

आणि हे पहिल्या वर्षावर थांबत नाही. जर्मनीत हजारो आईबाबांची वर्षानुवर्षे माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाच्या जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप गरोदरपणापूर्वीच्या तुलनेत सरासरी एका तासाने कमी झाली होती, बाबांची पंधरा मिनिटांनी. पहिले मूल सहा वर्षांचे होईपर्यंतही दोघांची झोप आणि झोपेबद्दलचे समाधान पूर्वीच्या पातळीवर आलेले नव्हते. ‘मूल सहा महिन्यांचं झालं की सगळं सुरळीत होतं’, हे आपण एकमेकींना धीर म्हणून सांगतो. त्याला फारसा आधार नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्रात स्त्रियांमधले प्रमाण ५४.२ टक्के, म्हणजे आधीच्या सर्वेक्षणातल्या ४८ टक्क्यांपेक्षा वाढलेले. गरोदरपणात बाळ आईच्या साठ्यातून लोह घेते, प्रसूतीत रक्त जाते, पुढे पाळी सुरू झाली की दर महिन्याला जाते. दोन मुलांत अंतर कमी असेल तर साठा भरून यायला वेळच मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९. गरज तिची जास्त, आणि पानावर सगळ्यांत शेवटी बसणारीही तीच. उसळ संपत आलेली असते, पालेभाजी थोरल्याच्या डब्यात गेलेली असते. मुलांच्या ताटातला उरलेला वरणभात टाकवत नाही म्हणून तोच तिचे जेवण होतो. भूक लागली की चहा आणि सोबत दोन बिस्किटे. चहातले घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत, त्यामुळे जेवणाला लागून घेतलेला चहा आहे तेही लोह वाया घालवतो.

रक्तक्षय हळूहळू येतो, म्हणून तो कळत नाही. शरीर सवय करून घेते. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, दुपारी डोके जड होते, चिडचिड होते, काल काय ठेवले कुठे ते आठवत नाही. काहींना माती, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. तेही लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजला जातो. आपल्याकडे नऊ-साडेनऊवर सगळे घर चालवणाऱ्या बायका आहेत आणि घर त्यांना ‘हल्ली फार चिडकी झालीय’ म्हणते.

याच थकव्याच्या पदराआड आणखीही काही दुखणी असतात. प्रसूतीनंतरच्या वर्षात शंभरातल्या साधारण पाच स्त्रियांना थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, अस्वस्थता, वजन घटणे आणि मग काही महिन्यांनी उलटे: सुस्ती, थंडी वाजणे, वजन वाढणे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते. आणि एक दुखणे मनाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रसूतीनंतर सुमारे २२ टक्के स्त्रियांना नैराश्य येते. म्हणजे पाचांत एक. आपल्याकडे ती ‘उदास आहे’ असे क्वचितच सांगते. ती डोके दुखते म्हणते, कंबर दुखते म्हणते, दम राहिला नाही म्हणते. बाळ शांत झोपले आहे, घरात दुसरे कुणी सांभाळायला आहे, तरी हिला झोप येत नाही, ही खूण तर घरच्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

यावर ठरलेला आक्षेप येतो. ‘मुलं लहान असताना कोणती आई थकत नाही? आम्ही चार-चार वाढवली, आमच्या वेळी नव्हतं असलं काही.’ पहिला भाग खरा आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. थकवा सगळ्यांनाच असतो म्हणून आजाराचा थकवा त्यात बेमालूम मिसळून जातो. शंभर आया दमलेल्या असतील, तर त्यांतल्या ज्यांचे हिमोग्लोबिन आठ आहे, ज्यांचा थायरॉइड मंदावला आहे, ज्यांना रोज सकाळी उठावेसेच वाटत नाही, त्या वेगळ्या दिसत नाहीत. विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय त्या ओळखता येणार नाहीत. दुसऱ्या भागाबद्दल एवढेच म्हणावे लागेल की आजीच्या काळी तिचे रक्त कुणी तपासले नव्हते. तिने तक्रार केली नाही, याचा अर्थ तिला काही होत नव्हते, असा होत नाही. घरात चार हात जास्त होते, हे मात्र अनेक घरांच्या बाबतीत खरे होते. आज दोन खोल्यांच्या घरात ते हात नाहीत आणि कामाची वाटणी मात्र तीच राहिली आहे.

मग करायचे काय? सुरुवात व्यवस्थेपासून करू, कारण तिथली दुरुस्ती तुलनेने सोपी आहे. आई बाळाला घेऊन पाच वर्षांत निदान सहा वेळा लसीकरणाला येते. ती स्वतःसाठी येणार नाही, बाळासाठी नक्की येईल. त्याच भेटीत तिच्यासाठी पाच मिनिटे काढावीत. बोटातून एक थेंब रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगणारी छोटी यंत्रे ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात वापरली जातातच. २०१८ पासूनच्या या कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देण्याची तरतूद आहे. गोळ्या तिला मिळाल्या का, ती घेते का, मळमळ होते म्हणून सोडल्या का, एवढे विचारले तरी पुष्कळ. शिवाय मनाविषयीचे दोन साधे प्रश्न: गेल्या महिन्यात बरेचदा उदास, हताश वाटले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागेनासे झाले का? हेच दोन प्रश्न जगभरचे डॉक्टर पहिली चाळणी म्हणून वापरतात. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसूतीनंतरच्या काळजीविषयी केलेल्या शिफारशींतही आईच्या मनःस्वास्थ्याची चाळणी आहे. खासगी बालरोगतज्ज्ञांनाही हे करता येईल. बाळाच्या फाइलीत आईसाठी एक ओळ ठेवायला खर्च येत नाही.

आशाताई आणि परिचारिकांवर आधीच कामांचे ओझे आहे, हे मान्य करूनच हे म्हणायला हवे. नवीन रकाना भरायला सांगून वेळ आणि मनुष्यबळ दिले नाही, तर तो रकाना खोटाच भरला जाईल. या पाच मिनिटांचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे.

रजेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, हे चांगलेच झाले. पण तिचा लाभ मुख्यतः संघटित नोकरीतल्या स्त्रियांनाच होतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना बाळाच्या जन्मानंतर मिळते ती रजा १५ दिवसांची. बाळाचे संगोपन हे आईचे काम आणि बापाची मदत, हा समज आपल्या रजेच्या नियमांतही उमटलेला आहे.

घरात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत, फक्त त्या नियमाने व्हायला हव्यात. पहिली, झोपेचा एक सलग तुकडा. रात्रीच्या सुरुवातीला किंवा पहाटे, चार-पाच तास तिला कुणी उठवायचे नाही. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, म्हणून सुरुवातीचा तुकडा मिळाला तर अधिक चांगले. बाळ अंगावर पीत असेल तर पाजून झाल्यावर ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा झोपवणे ही कामे वडिलांनी करावीत. ती करायला बाईच लागते असे नाही. दुसरी, ताट. तिचे पान मुलांबरोबरच वाढावे. उसळी, पालेभाज्या, नाचणी, खात असतील त्यांच्याकडे अंडी, मासे, मटण आणि जेवणात लिंबाची फोड. क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. चहा जेवणानंतर तासाभराने. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. मळमळ झाली तर गोळी जेवणानंतर घ्यावी, पण बंद करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. काम वाटून घेताना त्या कामाची आठवणही वाटून घ्यावी. ‘सांग ना, काय आणू?’ असे विचारणारा नवरा मदत करतो, पण यादी तिच्याच डोक्यात राहते. मुलाचा डबा एकदा वडिलांकडे गेला की काय करायचे, भाजी आहे का, डबा आदल्या दिवशी घासला का, हे सगळे त्यांच्याकडे जावे. पहिले काही दिवस डबा तिच्यासारखा होणार नाही. तो तसाच जाऊ द्यावा, आणि हे सासूबाईंनीही जाऊ द्यावे.

आणि थकव्याकडे पाहण्याची एक सोपी कसोटी. दोन रात्री बरी झोप आणि एखादी दुपार मोकळी मिळाल्यावर जो उतरतो, तो कामाचा थकवा. जो तरीही उतरत नाही, धाप लागते, धडधड होते, किंवा ज्याच्याबरोबर सतत रडू येते, बाळाविषयी काहीच वाटेनासे होते, त्याला डॉक्टर दाखवावा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात आले, तर त्याच दिवशी मदत घ्यायची असते आणि अशा वेळी तिला एकटी ठेवायचे नसते. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि ती मराठीतही बोलते.

नवव्या महिन्यात बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची असते. त्या दिवशी बाळाला घेऊन आई जाते, कधी बाबा सोबत असतात, कधी आजी. या वेळी बाळाचे कार्ड भरून झाले की सोबतच्याने एवढेच म्हणावे, ‘सिस्टर, हिचंही रक्त बघता का जरा?’ ती नको म्हणेल, उशीर होतोय म्हणेल, घरी कुकर लावायचाय म्हणेल. तरी बघायला सांगावे.